उपग्रहासाठी सडा

— व्हय साहेब, पाणी म्याच मारलं. ह्या आबारावानं. सोसायटीचा चेअरमन म्हंजी गावचा शहाणा, न्हाय का? बंगळूरहून पाव्हणे येणार, ह्या पडीक रानात उभे राहणार, बुटांवर फुफाटा उडणार — ते काय बरं दिसतंय? म्हणून सकाळीच सगळ्या रानावर सडा मारून घेतला. बांधाकडंला रांगोळी बी काढायला लावली. तुम्ही सांगितलंवतं की, रान हाय तसं राहू द्या — व्हय, दोनदा सांगितलंवतं. मला वाटलं, शहरातली माणसं, संकोचानं बोलत्यात! पाव्हणा 'काय नको' म्हणतो म्हणून कुणी च्या टाकायचा ऱ्हातो का?

आता समजलं सारं. वर उपग्रह, त्याचा डोळा जमिनीचा ताव बघतोय. तो खरा बघतोय का चुकतोय, ते ताडून बघायला त्याच टायमाला खाली तुमचं थर्मामीटर. त्यासाठी पार कोरडं, एकसारखं रान पाह्यजे. अवं, दुष्काळात आमच्याकडं दुसरं होतंच काय? कळंबपर्यंत बघाल तिकडं कोरडंठाक! आन् ह्या बहाद्दरानं नेमकं तुमचंच भिजवलं — इथं गार, तिथं गरम. गेला का तो वरनं? कवा? मी नारळ फोडत होतो तवा? वा रं चेअरमन!

पाणी कुठलं म्हंता? असंच... हितलंच. टँकरचं. व्हय, गावाचं. आठवड्यातनं एकदा येतो, सरळ रानात उभा केला. बाया नको नको म्हणत होत्या. म्या दटावलं — अगं, वरनं यंत्र बघणार हाय, आपली तहान थेट दिल्लीला दिसंल, मग रोज टँकर! तुम्ही तसं कुठं म्हणलावता? न्हायच म्हणलावता. सारं माझंच डोकं. आन् वरनं दिसलं काय? सगळ्या मुलखात आमचंच रान ओलं! हसा की साहेब. मला बी हसू — न्हाय ओ, हसू कुठलं. लाज वाटती.

त्या बघा आल्या, रिकाम्या घागरी घेऊन. म्होरं कस्तुराबाई हाय, आमची मालकीण. लेकरं सकाळधरनं पाणी पाणी करत्यात, तिच्याम्होरं कोणत्या तोंडानं उभा राहू? साहेब, तुमच्या जीपमधी पिण्याच्या पाण्याचे कॅन हायत न्हवं? — पाव्हण्याकडं म्या जल्मात काय मागितलं न्हाय. तेवढे खाली उतरवा. आन् जावा आता.