पदर पेटला तेव्हा

अगं पोरींनो, दहावीच्या निरोप समारंभात मी जळता जळता वाचले, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही ना?

आमची नवघरची शाळा. निरोपाला मुलींनी साडी नेसायची, ही प्रथाच. मी आईची शिफॉनची नेसले होते. घसरू नये म्हणून आईने खांद्यावर पिनाच पिना टोचलेल्या. स्टेजवर मी भाषण करत होते आणि पाठीमागे समई तेवत होती.

मधेच माझी मैत्रीण वैशाली किंचाळली, "पदर! तुझा पदर पेटलाय!"

वळून बघते तर आग कमरेपर्यंत आलेली. मी पळत सुटले. वैशालीने स्टेजवर उडी मारून मला धरलं आणि पदर ओढायला लागली. पिना काही सुटेनात.

"ब्लाउज फाटेल गं! समोर मुलं बसलीयत!" मी रडत म्हणाले. मरायची भीती कमी आणि लाजच जास्त वाटत होती.

"फाटू दे!" तिने असा हिसका दिला की बाहीसकट साडी सुटली. आमच्या वर्गाच्या मॅडमनी पाण्याचा जग जळत्या साडीवर उपडा केला. वैशालीची बोटं भाजली होती. मी नुसत्या परकरावर उभी. मॅडमनी टेबलावरची चादर ओढून मला गुंडाळलं.

मग भीत भीत समोर बघितलं. सगळी मुलं भिंतीकडे तोंड करून उभी होती. कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

वर्गातला सगळ्यात टारगट संदेश, तोही पाठमोराच, रडवेल्या आवाजात विचारत होता, "मॅडम, ती ठीक आहे ना? कोणीतरी सांगा ना!"