तंबूच्या झरोक्याला घातलेले टाके

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय आबासाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे मंडपवाले बन्सीधरकाका, माझ्याबरोबर मोहिमेवर निघालेली गंगाखेडची सविता, जिंतूरच्या ज्या शाळेत मी मुलींना खेळ शिकवते तिथले माझे सहकारी, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मायबहिणींनो आणि बांधवांनो, या रुपालीचा आपणा सर्वांना मनापासून नमस्कार!

हार झाले, शाल झाली, कौतुक तर लय झालं. माझ्या आधी बोललेल्या प्रत्येकानं मला हिमालयाची वाघीण करून टाकलं. वाघीण म्हणवून घ्यायला कुणाला आवडणार नाही? पण मला आज इथं एक काम तडीस न्यायचं आहे, आणि ते झाल्याशिवाय मी परभणीच्या स्टेशनवर पाय ठेवणार नाही. काम तंबूचं आहे.

तुम्ही म्हणाल, तंबूचं एवढं काय? अहो, शिखर ठरवायला लागला नसेल एवढा वेळ आम्हाला तंबू ठरवायला लागला. बन्सीधरकाका म्हणाले, "पोरी, माझ्याकडचा ने, आत उभ्यानं लगीन लागंल!" काका, रागावू नका, पण एवढा उंच तंबू तिथला वारा पहिल्याच झपाट्यात आडवा करतो. तिथं बुटकाच हवा. काठ्या कमानीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या, कापड दुहेरी, आणि बाहेरच्या कापडाला खाली झालर, म्हणजे तिच्यावर बर्फ लोटून ती दाबता येते. आबासाहेबांना तो पांढराशुभ्र हवा होता, वर गावाचं नाव ठळक अक्षरांत. आबासाहेब, बर्फात पांढरा तंबू आम्हालाच सापडला नाही, तर गावाचं नाव वाचायचं कुणी? हसू नका हो, अध्यक्ष आहेत ते. शेवटी भगभगीत नारिंगी घेतला. हातमोजे न काढता तो उभारता येतो का, हे मी आणि सवितानं शाळेच्या मैदानावर करून पाहिलं. पहिल्यांदा पोरींसमोर आमची पार फजिती झाली, पण आता जमतं.

आता पहिल्या रांगेत बसलेल्या त्या बाईंकडे बघा. खाली मान घालून बसल्यात त्या. ती माझी माय, कासाबाई. आमचं घर मेंढरांचं. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचं, कुणाच्या तरी वावरात कापडाचं पाल ठोकायचं, त्या पालात तिनं आम्हाला वाढवलं. मोहिमेवर जाऊ नको असं ती एकदाही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "जा. पन ऱ्हायाचं पाल मी बघनार."

मी अंगणात तंबू ठोकला. ती आत शिरली, निजून पाहिलं, काठी वाकवून पाहिली, कापड चिमटीत धरून पाहिलं. खूश झाली. मग तिचा हात वरच्या झरोक्यांना लागला.

"ही भोकं कामून ठिवली? हितून वारं यायलंय की!"

मी म्हटलं, माय, ती मुद्दाम ठेवलीत. श्वासाची वाफ बाहेर गेली पाहिजे, स्टोव्हचा विषारी वायू बाहेर गेला पाहिजे.

"मंग चूल भाईर मांडा. पालात कुनी चूल पेटवतं का?"

मला वाटलं, विषय मिटला. आज सकाळी सामान बांधायला घेतलं, तर दोन्ही झरोके शिवलेले! वाकळेच्या जाड दोऱ्यानं, अगदी जवळ जवळ टाके. काल दुपारी मी शाळेत असताना बसून हे काम केलं बाईंनी. खोटं कशाला बोलू, मी लय ओरडले तिच्यावर. ती एवढंच म्हणाली, "थंडीनं लेकरू गारठून मेलं तर मी कुनाला इचारू?"

मी ब्लेड हातात घेतलं होतं. परत ठेवून दिलं. कारण टाके मी उसवले, तर मी परत येईपर्यंत ही रोज मनातल्या मनात ते शिवत बसणार.

तर माय, आता सगळ्यांसमोर ऐक. तिथं चूल बाहेर मांडता येत नाही, वारा ती टिकू देत नाही. प्यायला पाणी हवं तर बर्फ वितळवायचा, आणि वादळात तो तंबूच्या तोंडाशी, कापडाच्या आतच वितळवावा लागतो. झरोका बंद असला तर तो वायू आत साचतो. त्याला ना वास, ना धूर. माणूस झोपेतच जातो. आणि आत मी एकटी नसणार, सविता असणार. तिलाही माय आहे.

आठव, आपल्या शेजारची राजेश्रीताई बाळंत झाली तेव्हा बाजेखाली शेगडी होती, बाहेर हाडं गोठवणारा गारठा होता, आणि तिच्या सासूबाईंनी कवाड लावून घेतलं होतं. कोण धावलं होतं तेव्हा? तू! "कोंडून मरतील मायलेकरं, कवाड उघडं ठिवा," म्हणून भांडलीस, आणि दारात पाट टाकून सगळं वारं स्वतःच्या पाठीवर घेत बसलीस. तेव्हा थंडी नव्हती का गं? माझा तंबू म्हणजे तीच खोली आहे.

तंबू इथं टेबलावर आहे. हारांचे दोरे कापायला आणलेली कात्रीही आहे. सुईची भोकं बुजवायचा डिंक माझ्याकडे आहे, ते माझं मी बघते. पण टाके तू काप. मी हे रुसून म्हणत नाही. तुझ्या हातानं सुटल्याशिवाय मी हा तंबू उचलणार नाही, आणि शिवलेल्या तंबूत सविताला झोपवणार नाही, म्हणजे नाही.

टाळ्या नकोत. तिला विचार करू द्या.

...उठली. बायनाबाई, तुम्ही तिच्या शेजारीच बसलाय, जरा हात द्या तिला, व्यासपीठाच्या पायऱ्या उंच आहेत. काय म्हणालीस, माय? मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगते. ती विचारतेय, "दोनी बी कापायचे का, येक ठिवू?"

दोन्ही, माय. दोन्ही.

मंडळी, तुम्ही कामधंदा सोडून आलात, मायेनं निरोप दिलात, मी तुमची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात अध्यक्षांची थट्टा झाली, काकांच्या मंडपाला नावं ठेवली, आईशी तर भर सभेत हुज्जत घातली. लेक समजून सगळं पोटात घाला. आता मला माइक सोडू द्या, तिनं कात्री उचललीय, कापड ताणून धरायला पाहिजे.