टोक तेवढं चकाकतं

वहिनी : चहा राहू द्या, भाऊजी. आधी हे सांगा, आमच्या टर्बाइनची पाती यंदा इतकी शहाण्यासारखी कशी वागली?

दीर : म्हणजे?

वहिनी : तीन वर्षं वीजकेंद्रात धगधगत्या वायूत गरगरली. दुरुस्तीला तुमच्या या कारखान्यात आली. परत आल्यावर मी मोजली, तर नव्याएवढी! केसभरही लांबलेली नाहीत.

दीर : मग बरंच की. तुम्हा तपासनीस मंडळींना काही चांगलं दिसलं की पोटात दुखतं.

वहिनी : दुखतंच. इतकं तापून, इतक्या जोरात फिरलं की कुठलाही धातू हळूहळू ताणला जातो. दर वेळी काही पाती बाद होतात. यंदा एकही नाही?

दीर : मिश्रधातू भारीतला आहे.

वहिनी : मागच्या वेळीही तोच होता.

दीर : मशीन कमी चाललं असेल.

वहिनी : कमी? रोज चालू, रोज बंद. तापायचं, निवायचं, परत तापायचं. तार पुढं-मागं वाकवत राहिलं की तुटते ना, तसं. थकतो हो धातू.

दीर : घरच्या माणसावर संशय घेताय, वहिनी.

वहिनी : घरचे म्हणूनच साहेबांच्या आधी तुमच्याकडे आले. (पिशवीतून एक पातं काढून टेबलावर ठेवते.) हे जादाचं राहिलेलं. बघा, अंगभर काळवंडलंय आणि टोक तेवढं चकाकतंय.

दीर : पॉलिश केलंय.

वहिनी : फक्त टोकाला?

दीर : कामगारांनी केलं असेल! मी काय प्रत्येकाच्या मागं उभा राहतो?

वहिनी : मघाशी तर धातू भारीतला होता. कुठंतरी पाणी मुरतंय, भाऊजी. लांबलेलं टोक घासून माप जुळवता येतं. मुळाशी पडलेली चीर घासून जात नाही.

दीर : चीर दिसली तुम्हाला?

वहिनी : या एकात नाही दिसली. बाकीची बसवून झाली. उद्या सकाळी मशीन सुरू होतंय.

दीर : उद्या? पुढच्या आठवड्यात होतं ना?

वहिनी : अलीकडे घेतलं. नुसत्या संशयावर मला ते थांबवता येत नाही. भीती वाटते हो मला.

दीर : सकाळच्या पाळीला कोण आहे?

वहिनी : कोणी का असेना. पाती चांगली आहेत ना?

दीर : वहिनी, दादा आहे का?

वहिनी : तेच आहेत. मशीन सुरू करताना शेजारीच उभे असतात.

दीर : नवी पाती वेळेत येत नव्हती... काम हातचं गेलं असतं. मला वाटलं, एवढी एक खेप निघून जाईल. तुम्ही थांबवा ते. काहीही सांगा.

वहिनी : मी काय सांगू? फोन लावलाय. घ्या.

दीर : दादा? उद्या मशीन सुरू करू नकोस. का, ते विचारू नकोस... नाही, थांब. विचार.