स्फटिक आज गार होतोय

सोनोग्राफीसाठी मी रांगेत बसले होते. मागच्या बाकावर एक सासू आणि तिची गरोदर सून बोलत होत्या.

"पाणी पी अजून. आणि तो फोन ठेव बाजूला."

"आई, आज लॅबमध्ये माझा स्फटिक गार करताहेत."

"तो युरेनियमचा?"

"युरेनियम आणि प्लॅटिनमचा. भट्टीत मीच वाढवलाय."

"आता हात नाही ना लावत त्याला?"

"दिवस राहिल्याचं कळलं आणि बाहेर पडले. आता मोजमाप दुसरेच घेताहेत."

"गार करून काय होणार?"

"नीट जमला असेल, तर त्यातून वीज जराही न अडखळता जाईल. नाहीतर माझी दोन वर्षं पाण्यात."

"इतकं पणाला लागलंय, आणि हे मला आज सांगतेस?"

"तुम्ही घाबराल म्हणून नाही बोलले."

"घाबरलेच होते. खोलीचं दार लावून रडायचीस. मला वाटलं, तुला हे मूलच नकोय."

"मूल हवंय, आई. पण तो स्फटिकही माझाच होता ना."

नर्सने तिला हाक मारली आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

"लॅबचाच आहे!"

"आत तुलाच जायला हवं, तिथे मी नाही चालणार. आण तो इकडे."

"अहो, तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"अडखळली की नाही, एवढंच विचारायचंय ना? जा तू."

दार लागलं.

"हॅलो, मी तिची सासू बोलतेय. मलाच सांगा. अडखळली का?... अजिबात नाही? नक्की?... मग परत एकदा करून बघा. मी फोन धरून बसलेय."