खाडीपार नेलेल्या मांजरीची पिल्लं

मी दिघीचाच. बाप होडीवर होता, आजा होडीवर होता, मी मात्र लाँचवर. दिघीच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून आगरदांड्याला जी लाँच जाते ना, तिच्यावर दोर टाकायचा, फळी लावायची, मोटरसायकली चढवायच्या, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून उतरवायचं, हे माझं काम. दिवसभर जायचं आणि यायचं. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो, नाहीतर माझ्या आयुष्यात लिहून घेण्यासारखं काय हाय.

आमच्या वाडीची एक रीत हाय, ती आधी सांगायला पाहिजे, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. आमच्याकडं अंगणात मासळी वाळत घालतात, बांबू बांधून त्यावर बोंबील टांगतात, खाली जाळं अंथरून जवळा पसरतात. मग मांजरं येणारच. कावळा हाकलता येतो, मांजर न्हाय. पण मांजर मारायचं न्हाय, त्याचं पाप मोठं, हे सगळे मानतात. मग करायचं काय, तर गोणीत घालून खाडीपार सोडायचं. रस्त्यानं कितीही लांब न्या, ते वास काढत परत येतं, पाणी मात्र ओलांडत न्हाय. आणि लाँचवर मी. म्हणजे ज्याच्या त्याच्या घरची गोणी माझ्याच हातात. भाऊ, एवढी पलीकडं सोड रे. मी सोडायचो. गोणीचं तोंड मोकळं केलं, मांजर पळालं, गोणी झटकली, की परतीच्या फेरीचा दोर सोडला. मारलं कुठं, पलीकडं तर नेलं, असं मनाला सांगायचं, आणि मन ऐकायचं.

माझी बायको वासंती, ती म्हसळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिच्या बोंबलांवर एक करडी मांजरी टपलेली असायची, कान फाटलेला, अंगानं वाळलेली. एवढी खाते आणि जाते कुठं, असं वासंती रोज म्हणायची. एक दिवस टोपलीखाली सापडली. अवं, ही आजच्या आज गेली पाहिजे, म्हणाली. मी गोणी धरली, तिनं टोपली कलती केली, मी तोंड बांधलं आणि पलीकडं नेऊन सोडली.

आता इथंच चुकलं. आमच्यात बायका मांजरीला गोणीत घालायच्या आधी तिच्या पोटाखाली हात फिरवतात. दूध उतरलेलं असलं तर तिला सोडायचं न्हाय, पिल्लं मोठी होईपर्यंत थांबायचं, मग बोंबील जातील तेवढे जाऊ देत. माझी आई असती तर तिनं टोपली उचलायच्या आधीच हात घातला असता. वासंतीला वाटलं मी बघितलं, मला वाटलं तिनं बघितलं. वासंतीची चूक मी न्हाय धरत, गोणी माझ्या हातात होती. एवढी का खाते ते तिच्या वाळलेल्या अंगाकडं बघून कळायला पाहिजे होतं.

संध्याकाळी पडवीतल्या जुन्या जाळ्यांच्या ढिगातून चीं चीं ऐकू आलं. जाळं उचललं तर तीन पिल्लं, डोळे अजून मिटलेले. मी तसाच पळालो, शेवटच्या फेरीनं पलीकडं गेलो, सोडली होती तिथं फिरलो, होड्यांखाली बघितलं, हाका मारल्या. तिथला एक जण हसला, काय रे, बायको हरवली काय? मांजरी हरवली, म्हटलं. कुठली सांगू, म्हणाला, इथली निम्मी तूच आणलेली हायत. ती काही मिळाली न्हाय. दुसऱ्या दिवशी न्हाय, नंतरही न्हाय.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला हलीमाचाची राहतात. त्यांच्याकडं शेळ्या हायत आणि मांजरं किती ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या दारात गेलो, दूध पाहिजे म्हटलं, कशाला ते सांगितलं. तूच ना रे तो गोणीवाला, म्हणाल्या. मग उठल्या आणि शेळी पिळायला बसल्या. सांगत गेल्या, मी ऐकत गेलो. दूध कोमट पाहिजे, थेंब थेंब द्यायचं, दूध पाजल्यावर ओल्या फडक्यानं मागून पुसायचं, आई चाटते तसं, त्याशिवाय त्यांना मुतताही येत न्हाय.

पण घाईत एक ऐकायचं राहून गेलं. मी पहिल्या पिल्लाला मांडीवर उताणं घेतलं, आमची पोर तान्ही असताना तिला घ्यायचो तसं. दूध नाकातून आलं. ते शिंकलं, मला वाटलं गंमत. सकाळी गार. चाची म्हणाल्या, अरे बाबा, मांजरीचं पोर पालथं पितं, तू काय त्याला पाळण्यात घालणार होतास? नारळाखाली पुरलं त्याला. वासंतीनं गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून राहिलेल्या दोघांच्या कुशीत ठेवली आणि आत गेली.

ती दोन जगली. एक बोका, एक मांजरी. डोळे उघडले, दात आले. बोका मोठा हावरट, थाळीत दूध ठेवलं की चारी पाय घालून आत. उकडलेल्या मासळीचा बिनमिठाचा चुरा दिला तर तोही चाटूनपुसून साफ. पण मांजरी? ती थाळीकडं बघायचीच न्हाय. मी लाँचवरून आलो की पँट धरून वर चढायची, मी दूध पाजायचो ती बाटलीच पाहिजे. दुधावर किती दिवस राहणार, अंग धरेना, पाठीची हाडं हाताला लागायला लागली. चाचींनी सांगितलेलं, बाटली काढून घे, भूक लागली की खाईल. मी एक वेळ बाटली द्यायचो न्हाय, दुसऱ्या वेळेला द्यायचो. ती ओरडली की मला वाटायचं, हिची आई मी नेली, आता बाटलीपण न्यायची? वासंती टोमणे मारायची, अवं, लेक जेवली का तुमची? घास भरवा, म्हणजे सासरी जाईल.

शेवटी चाची स्वतः आल्या. तिला उचललं, पोट चाचपलं आणि मला म्हणाल्या, तुला बरं वाटावं म्हणून ही उपाशी मरणार.

दुसऱ्या दिवशी बाटली खिशात घालून कामावर गेलो, म्हणजे घरात कुणाला द्यावीशी वाटली तरी मिळायला नको. काय सांगू तुम्हाला, तो दिवस. दोर टाकतोय आणि चीं चीं ऐकू येतंय, मशीनच्या आवाजात ऐकू येतंय. दुपारी लाँच या बाजूला लागली तसं राहवलं न्हाय, भाकरीच्या निमित्तानं घरी आलो. ठरवूनच आलो होतो, थोडं पाजायचं.

वासंती न्हाणीपाशी मांदेली साफ करत बसली होती. मांजरी तिच्या पाटाखाली. तोंडात मांदेलीचं डोकं. मी वाकून हात पुढं केला तर गुरगुरली. माझ्यावर! मुठीएवढा जीव, कान मागं पाडून माझ्यावर गुरगुरली आणि डोकं घेऊन माठामागं गेली. वासंती मान न उचलता म्हणाली, चौथं हाय ते. हात लावू नका, चावेल. मी तिथंच खाली बसलो. भाकरी खाल्ली न्हाय, परत गेलो, पण कसलं हलकं वाटत होतं, लाँचवरच्या माणसांना विनाकारण हसत होतो.

बोका चाचींकडं दिलाय, तिथं तो शेळीवर झोपतो. मांजरी आमच्याकडंच हाय. गोण्या मी तेव्हापासून घेत न्हाय, लोक रागावतात, रागावू देत. तिची आई मिळाली न्हाय, ते माझ्याजवळच राहणार, त्याला इलाज न्हाय. ही आता माझ्या हाकेला येतेच असं न्हाय. पोट भरलं की कौलावर चढते, तिकडंच पसरते, मी खालून बघतो. नाही आली तरी चालेल. खाऊ दे, जगू दे.