कोपऱ्यातलं ऊन

नाही नाही, खुर्चीला हात नका लावू दादा — म्हणजे मोजा, तुमचं काम तुम्ही करा, मी नाही म्हणतच नाहीये — फक्त खुर्ची राहू द्या. हे बसलेत ना. ऐकू येतं त्यांना सगळं, बोलता तेवढं येत नाही. उजवी बाजू गेली. बस चालवायचे, घाटातली. आता लिफ्टने वरच्या मजल्यापर्यंत आणते आणि पुढच्या पायऱ्या वॉचमन आणि मी मिळून उचलतो. रोज? हो, रोज.

तुम्ही म्हणाल, गच्ची एवढी मोठी, बाईला हाच कोपरा कसा सापडला? अहो, तुम्हालाही हाच सापडला ना! समोर टॉवर उभा राहिला आणि बाकीची गच्ची सावलीत गेली. तिकडे टाकीजवळ बसवा की सोलर पॅनल — नाही? तेच तर. सावलीत पॅनल म्हणजे पैसे पाण्यात, कळतं मला. मीटिंगमध्ये तुमचे साहेब सांगून गेले, काही वर्षांत खर्च वसूल, पुढे वीज जवळजवळ फुकट, प्रत्येकाच्या बिलात वळती होणार. आणि सगळ्यात आधी हात कुणी वर केला, माहितीये? मी. तळमजल्यावरचे काका म्हणत होते, स्लॅबला भोकं पडतील, गळेल — मीच भांडले त्यांच्याशी. कारण रात्री यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. रात्रभर घरघरतं. बिल आलं की मी पाकीट फोडतच नाही, टीव्हीच्या मागे सरकवते — न फोडल्याने कमी होणार आहे का? शिलाई मशीनची मोटर काढून टाकली, पुन्हा पायाने चालवते. तर वाटलं, वर ऊन फुकट पडतंय, त्याची वीज झाली तर रात्र तरी निर्धास्त जाईल. कोपरा कुठला, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता कुणाला बोल लावू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उंच सांगाड्यावर बसवाल, खाली जागा राहील — हो, सेक्रेटरीही तेच म्हणाले. छान सावली मिळेल म्हणे यांना! सावली काय करायचीय, सावली घरात आहेच की. घरात हे भिंतीकडे बघत बसतात, मला ओळखतात की नाही तेही — जाऊ दे. इथे आणलं, जरा अंग तापलं, की तो डावा हात — बघितलात? मगाशी नव्हता हलत. आता बघा. गिअर टाकतायत. रोज टाकतात. मग मी मागून विचारते, कुठवर आलो हो? मान वळवून माझ्याकडे बघतात. दिवसभरात तेवढंच एकदा बघतात.

सही केलीये मी, मागे फिरणार नाही. फिरून करू काय? मशीनशिवाय यांची रात्र निघायची नाही, आणि माझा दिवस — माझ्या दिवसाचं काय घेऊन बसलात. द्या, टेपचं दुसरं टोक माझ्याकडे द्या, मी धरते. खुर्चीही हलवते. फक्त जरा दम धरा — चढ लागलाय त्यांना. एवढा घाट चढून होऊ दे.