हरियलाचे पाय

हरियल म्हणजे कबुतराएवढा, हिरवापिवळा पक्षी, वडात बसला की पानांत शोधून सापडत नाही. त्यानं एकदा आमचं अख्खं घर वेठीला धरलं होतं! इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मी सौंदडला नवीन सून. ससाणा मागं लागला म्हणून एक हरियल आमच्या भाताच्या तणसाच्या ढिगावर येऊन पडला. सासऱ्यांनी त्याला अलगद उचलून काडीवर बसवलं आणि काडी माझ्या हातात दिली.

"खाली ठेवू नोको. हरियल जमिनीले पाय लावत नाही. लागला का मेला."

"मंग मामाजी, हा पानी कसा पिते?"

"पायात काडी धरून उतरते. काडीवर उभा राहते अन् पिते."

"तुम्ही पाह्यलं?"

"माह्या बापानं पाह्यलं."

झालं, दिवसभर काडी या हातातून त्या हातात. सासूबाईंनी एका हातानं भात वाढला, दुसऱ्या हातात हरियल! माझा हात भरून आला, पण नजर त्याच्या पायांवरून हटेना. खरंच टेकले तर काय होईल?

संध्याकाळी त्याच्यासाठी आणलेलं वडाचं फळ ओसरीवर पडलं. हा टुणकन खाली उतरला, फळ खाल्लं आणि ऐटीत फिरायला लागला. सासूबाई किंचाळल्या. मी श्वास रोखून बघतेय, तो काही मरेना.

"मामाजी, हा मरून काऊन नाही राहिला?"

सासऱ्यांनी ओसरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मरन कायले? सकाळीच सारवलं ना तुनं? शेनावर उभा हाय तो. जमीन त खाली हाय!"